गाडीचे नाक आणि वाऱ्याचे देणे

शर्यतीच्या मोटारीचे निमुळते नाक केवळ वारा कापण्यासाठी असते, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेतला, तर धुळ्यावरून मुंबई-आग्रा रस्त्याने धावणाऱ्या मालट्रकच्या डिझेलचा हिशेबही उलगडतो. म्हणून हा विषय आम्ही श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

तापीला पूर आला असता पुलाच्या खांबाकडे पाहावे. खांबाच्या तोंडाशी पाणी चढते आणि पाठीमागे भोवरे फिरतात. धावत्या गाडीभोवती हवेचेही तसेच होते. पुढे दाब वाढतो, मागे घटतो. म्हणजे हवा गाडीला पुढून रेटते आणि मागून ओढते. हाच हवेचा रोध. तो कमी करण्यास सुईसारखे नाक लागत नाही. कडा गोलावल्या की हवा अंगालगत सरकते. कडा तीक्ष्ण असल्या की ती सुटते आणि भोवरे माजतात. पुढे गोल व मागे लांब निमुळता, असा माशासारखा आकार सर्वांत सोयीचा.

मग शर्यतीच्या मोटारीचे काय? ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडा येथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. त्या जातीच्या मोटारीच्या नाकाशी आडवा पंख असतो, तोही विमानाच्या पंखाच्या उलट. तो मोटारीला जमिनीवर दाबतो, म्हणजे वळणावर चाके निसटत नाहीत. या पकडीसाठी रोध जाणूनबुजून पत्करलेला असतो. घरगुती मोटारीपेक्षा तिचा रोधांक जास्तच भरतो. १९९० साली टायरेल संघाने नाक उंच उचलले, तळाखाली अधिक हवा जावी म्हणून. पुढे उंच नाक धडकेत दुसऱ्या चालकाच्या डोक्याशी येण्याचे भय वाटले आणि २०१४ च्या नियमांनी नाके खाली आणली. वेगापेक्षा माणसाचा जीव मोठा ठरला.

आता आपला रस्ता. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास आठपट शक्ती लागते. वादळाचा जोर थोडा वाढताच उभी बाग कशी आडवी होते, हे रावेर-यावलच्या केळीवाल्यांना सांगावयास नको. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकला समोरून २० चा वारा लागला, तर हवेच्या हिशेबी तो ८० ने धावतो. रोध पावणेदोन पटींहून अधिक होतो. त्यात केबिनच्या वर चढलेला माल, फडफडणारी ताडपत्री, चौकोनी पाठ!

अ‍ॅव्हरेज कमी पडले की जाब मात्र चालकाला विचारला जातो. युनियनच्या कामात ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. चालकाच्या पायाखालचा वेग ही त्याची जबाबदारी खरीच. पण गाडीचा आकार, मालाची उंची आणि पोहोचण्याची वेळ तो ठरवीत नाही. केबिनवर हवा वळविणारा वक्र पत्रा बसविणे, ताडपत्री ताणून बांधण्यास वेळ देणे, वेळापत्रक सैल करणे, ही मालकाच्या हातची कामे आहेत. वाऱ्याचे देणे एकट्या चालकाच्या खात्यावर टाकणे हा हिशेब नव्हे.