गोळीचं बारीक नाव

मी कलाशाखेची पदवीधर. विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतच. मुलं मोठी झाल्यावर आमच्या भागातल्या धर्मादाय दवाखान्यात मदतनीस म्हणून जाऊ लागले. केसपेपर लिहिणं, रक्तदाब मोजणं पटकन जमलं. अडलं ते औषधांच्या चिठ्ठीपाशी!

मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक वही केली. पहिल्या पानावर लिहिलं : ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. सगळी लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. पुढे कळलं, औषधांनाही आडनावं असतात. शेवटी ‘डिपिन’ किंवा ‘प्रिल’ आलं की गोळी बहुधा रक्तदाबाची, ‘प्राझोल’ आलं की अ‍ॅसिडिटीची.

या वहीचा खरा उपयोग कळला तो एका आजींमुळे. दोन्ही पाय सुजलेले, उठलं की चक्कर. मी त्यांची औषधांची पिशवी उघडली. रक्तदाबाची दोन पाकिटं निघाली, दोन कंपन्यांची. मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी. पण खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच नाव, अ‍ॅम्लोडिपिन. आजी म्हणाल्या, ‘‘नवी घ्या म्हणाले, पण जुनी बंद करा असं कुणी सांगितलंच नाही गं!’’ दोन्ही पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवली. दुप्पट डोस जात होता आणि पाय सुजणं हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम. त्यांनी एक गोळी बंद केली. काही दिवसांत आजींची सूज उतरली.

मैत्रिणींनो, आपल्या घरीही हे घडू शकतं. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं तीन, औषध एकच : पॅरासिटामॉल. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं. तापाची एक आणि सर्दीची एक म्हणून घेतलं, तर नकळत दुप्पट होतं. आणि अति झालं की यकृताला इजा होते.

म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची यादी करा. ब्रँडसोबत बारीक नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, हे सगळं लिहा. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. दोन गोळ्यांचं बारीक नाव एकच दिसलं, तर मनानं काही बंद करू नका. यादी घेऊन डॉक्टरांना विचारा. किराण्याची यादी आपण न चुकता करतो, मग ही का नको?