बटाट्यात दडलेली चव

उपवासाच्या दिवशी आपण डोळे मिटून ज्याच्यावर विसंबतो, तो बटाटा. त्याची भाजी करा, कीस करा, वेफर्स तळा. शंकेला जागाच नाही. अमेरिकेत गेलेला शाकाहारी माणूसही भूक लागली आणि चहूकडे मांसाचे बर्गरच दिसू लागले की याच भरवशावर बटाट्याचे काप, म्हणजे फ्रेंच फ्राइज, मागवीत असे. बटाटा, तेल आणि मीठ! यात आणखी काय असणार?

पण होते. अमेरिकेतील मॅकडोनाल्ड्सचे काप अनेक वर्षे मुख्यतः गाईबैलांच्या चरबीत तळले जात, आणि त्यांची खास चव त्या चरबीचीच होती. पुढे कोलेस्टेरॉलविषयी ओरड सुरू झाली आणि १९९० मध्ये कंपनीने वनस्पती तेल वापरण्याचे जाहीर केले. शाकाहारी मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु गिऱ्हाइकांच्या जिभेवर बसलेली चव गमावणे कंपनीला परवडणारे नव्हते. काप कारखान्यात अर्धवट तळून, गोठवून दुकानांत पाठवले जातात. तेथेच त्यांना गोमांसापासून केलेला स्वाद अल्प प्रमाणात लावला जाई. घटकांच्या यादीत त्याचे नाव होते ‘नैसर्गिक स्वाद’. अमेरिकेच्या नियमांनुसार हा स्वाद फळाफुलांचा असू शकतो, तसाच मांसाचा वा माशाचाही!

२००१ मध्ये हे बिंग फुटले. एरिक श्लॉसर यांच्या ‘फास्ट फूड नेशन’ या पुस्तकात या स्वादाचा उल्लेख आला. पाठोपाठ कॅलिफोर्नियातील ‘इंडिया-वेस्ट’ या भारतीयांच्या साप्ताहिकाने बातमी दिली. मे महिन्यात वकील हरीश भारती यांनी सिअ‍ॅटलमध्ये दावा दाखल केला. त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले आणि ठाण्यात कंपनीच्या एका दुकानाची मोडतोड झाली. भारतातील कापांत असा कोणताही स्वाद नाही, असा खुलासा कंपनीने तातडीने केला. अखेर २००२ मध्ये अमेरिकेत तडजोड झाली. कंपनीने जाहीर माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी व अन्य संस्थांना एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

‘एवढ्याशा स्वादाने काय बिघडते?’ असे कोणी विचारील. पण ज्याने जन्मभर एखादी गोष्ट वर्ज्य मानली, त्याच्यापुढे प्रश्न ‘किती’ हा नसतो; ‘आहे की नाही’ एवढाच असतो. त्याचा निर्णय त्याच्या नकळत दुसऱ्यानेच घेऊन टाकला, हे खरे दुखणे. आजही अमेरिकेतील या कापांत गोमांसाच्या नावाचा स्वाद आहे. तो गहू व दुधाच्या घटकांपासून सुरू होतो, असे कंपनी यादीत लिहिते. ब्रिटनमध्ये मात्र त्याच कंपनीचे काप शाकाहारी आहेत. म्हणजे पाटी तीच, पुडा तोच. आतला पदार्थ देशागणिक वेगळा!

आणि हे केवळ बटाट्यापुरते नाही. पिझ्झावरचे काही परदेशी चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून निघते. मऊ लुसलुशीत मार्शमेलो त्याचेच. कार्मिन हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळतो, आणि वेष्टनावर तो ‘ई १२०’ या आकड्याआड दडू शकतो.

आपल्याकडे वेष्टनांवर शाकाहाराची हिरवी खूण आली, ही मोठीच सोय. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला बजावावे लागले की, नुसते सांकेतिक आकडे छापून भागणार नाही. घटक वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून, हे उत्पादकाने सांगितलेच पाहिजे. प्रमाण कितीही नगण्य असले तरी पदार्थ मांसाहारीच ठरतो, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

मुलांना घेऊन बाहेर खायला जाताना, विशेषतः परदेशी, दोन प्रश्न जरूर विचारावेत. हे कशात तळले आहे? आणि याला चव कशाची आहे? विचारण्यात संकोच कसला? आपल्या पोटात काय जाते, हे जाणून घेण्याचा हक्क शाकाहारी माणसाला आहे, तसाच मांसाहारी माणसालाही आहे.