आसगावच्या पांदणीतली रानफुले : एक मागोवा

आसगाव हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले धानाचे गाव. जमीन बहुतेक धानाखाली असल्याने रानफुलांच्या वाट्याला पांदणीच्या, म्हणजे शेतात जाणाऱ्या वाटेच्या, कडा, बांधीचे धुरे आणि तलावाच्या पाळी एवढीच जागा उरते.

फाल्गुनात पळस, चैत्रात मोह, वैशाखात बहावा हा झाडांचा जुना क्रम. पहिल्या सरींबरोबर तरोटा उगवतो. कोवळा पाला भाजीसाठी खुडून नेला जातो, आणि खुडणाऱ्यांच्या हातून सुटलेल्या झाडांना पुढे पिवळी फुले येतात. धुऱ्यावरचा निळा केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो. कुंपणावर चढणारी कळलावी मात्र थांबून पाहावी. पानाच्या शेंड्याचाच ताणा होऊन आधाराला विळखा घालतो. सहा नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या; आधी हिरवट, मग पिवळ्या, शेवटी लालभडक. फूल जितके देखणे, तितकाच कंद विषारी. पाऊस सरता सरता कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे डोलू लागतात.

गेल्या सत्तर वर्षांत या हजेरीपटावर परकी नावे चढली. पुण्यात 1955 च्या सुमारास नजरेत भरलेले गाजरगवत देशभर पसरले. अमेरिकी गव्हाबरोबर ते आले असे सर्रास सांगतात, पण त्याच्या भारतातील नोंदी त्याहून जुन्या आहेत. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा 1983 मध्ये बेंगळुरूला आणला गेला. गवत आटोक्यात आले ते काही ठिकाणीच. मूळची दक्षिण अमेरिकेतली बेशरमही तलाव आणि कालव्यांच्या ओलीत माजली. जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि तोडलेली फांदी ओल्या मातीत पुन्हा मूळ धरते, त्यामुळे हे नाव तिला शोभते. तिचे फिकट जांभळे फूल सुरेख आहे, एवढे तरी कबूल करावे लागते.

गोसीखुर्द धरण प्रकल्पाची पायाभरणी 1988 मध्ये झाली आणि पवनीच्या परिसरात मातीकामाचे पर्व सुरू झाले. 2021 मध्ये राज्यात मातोश्री पाणंद रस्ते योजना आली. चिखलातून बैलबंडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला पक्की वाट हवीच. पण उकरलेल्या उघड्या मातीत पहिला शिरकाव बहुधा गाजरगवताचा होतो. त्याला दाबण्यासाठी पावसाळ्याआधी तरोट्याचे बी फेकावे, अशी शिफारस कृषितज्ज्ञ करतात. दाट उगवलेला तरोटा गाजरगवताच्या रोपांना वाढू देत नाही.