कवेलूंवरची डिश आणि मंडईतली दंडार

इंटरनेटमुळे दूरचित्रवाणी संपेल का, या प्रश्नाचे उत्तर पूर्व विदर्भातल्या भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात शोधायचे, तर प्रक्षेपण आणि स्ट्रीमिंग यांतील फरक आधी समजून घ्यावा लागतो. प्रक्षेपणात एकच संकेत सर्वांसाठी एकाच वेळी सोडला जात असल्याने तो एका घराने पकडला काय किंवा लाख घरांनी पकडला काय, पाठवण्याचा खर्च तेवढाच राहतो. स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रत्येक प्रेक्षकाकडे माहितीचा स्वतंत्र प्रवाह जातो, त्यामुळे प्रेक्षक वाढले की जाळ्यावरचा भार वाढतो आणि डेटाचे पैसे प्रेक्षकालाच भरावे लागतात.

प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेली, आज डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाणारी सेवा पहिल्या प्रकारची आहे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या जीसॅट-१५ उपग्रहाचा संकेत कवेलूंच्या छपरावरची छोटी डिश झेलते आणि डिश व सेट-टॉप बॉक्स एकदा घेतल्यावर महिन्याचे शुल्क लागत नाही. मात्र ऐन धानाच्या रोवणीत मुसळधार पाऊस आला की पाण्याचे थेंब संकेताच्या लहरी शोषतात आणि पडद्यावरचे चित्र तुकड्यातुकड्यांनी थिजते.

पावसाची ही अडचण तासाभराची असते, भाषेची मात्र कायमची. वाहिनीकडे दिवसाचे २४ तासच असल्याने ती मोठ्या प्रेक्षकवर्गाची भाषा निवडते, आणि म्हणून मराठी मालिकांत झाडीबोली, म्हणजे या झाडीपट्टी भागाची बोली, क्वचितच ऐकू येते. वास्तविक इथे या बोलीला स्वतःचा रंगमंच आहे: दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत, म्हणजे जत्रेत, दंडार हे लोकनाट्य रंगते आणि झाडीपट्टीची नाटके पहाटेपर्यंत चालतात. याच रंगभूमीवरील कार्यासाठी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, तसे या दंडारींचे आणि नाटकांचे चित्रण यूट्यूबवर येऊ लागले, कारण तिथे वेळेच्या वाटपाचे बंधन नाही. तथापि कोणती चित्रफीत कोणापुढे ठेवायची, हे तिथे कंपनीची संगणकीय शिफारस-प्रणाली ठरवते.

म्हणूनच दूरचित्रवाणीचे भवितव्य दोन्ही पद्धतींच्या जोडणीत आहे. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात ‘वेव्हज’ हा स्वतःचा स्ट्रीमिंग मंच सुरू केला असून, ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणारी भारतनेट योजनाही सार्वजनिक पैशांतूनच उभी राहत आहे. त्या पैशांत झाडीपट्टीचाही वाटा असल्याने, दंडारीचे जतन केलेले चित्रण या मंचावर असावे आणि त्यातील निवडक प्रयोग फ्री डिशवरूनही दाखवले जावेत, म्हणजे ज्या घरात डेटा परवडत नाही तिथेही झाडीबोली पोहोचेल.