इंजिनाचं नाक

जुन्या ऑक्टेव्हियाचं बोनेट उघडलं की इंजिनाच्या शेजारी एक काळी प्लास्टिकची पेटी दिसते. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. झाकण सैल करून उचललं की आत घड्या घातलेला कागद असतो, साडीच्या निऱ्यांसारखा एकाला एक लागून. एक बाजू पांढरी, दुसरी मातकट. उलटा धरून हलकेच आपटला की खाली पडते ती आपल्याच जिल्ह्याची माती. तिच्यात एखादं वाळलेलं कडुनिंबाचं पान आणि दोन-चार मेलेले किडेही असतात.

ही पेटी म्हणजे इंजिनाचं नाक. गाडीचा पिकअप वाढवायचा विषय निघाला की हौशी पोरांचा पहिला हात हिच्यावरच पडतो. पेटी काढायची, तिथे चकचकीत पाइप आणि शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवायचा. याला म्हणतात कोल्ड एअर इनटेक. त्यातला ‘कोल्ड’ हा शब्द मात्र बसवताना बऱ्याचदा मागे राहतो.

आपल्या संभाजीनगरला हा विषय नवा नाही. जालना रोडवरच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना 2001 साली सुरू झाला आणि पहिली गाडी निघाली ती ऑक्टेव्हिया. 2004 मध्ये तिची आरएस आवृत्ती आली. 1.8 लिटरचं टर्बो-पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरना मिळून 20 व्हॉल्व्ह, ताकद 150 पीएस. भारतातली पहिली टर्बो-पेट्रोल कार म्हणून गाड्यांचे शौकीन आजही तिचं नाव घेतात. इंजिनात हवा कोंबून ताकद काढायची विद्या ज्या गाडीने आपल्याकडे लोकांच्या हाती दिली, ती याच शहरात जोडली गेली. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता हवेचा हिशोब. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या पोटाएवढी हवा ओढतं. 1.8 लिटरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर टर्बोशिवायसुद्धा मिनिटाला 2700 लिटरपर्यंत हवा आत जाते. पंधरा लिटरच्या 180 घागरी, दर मिनिटाला. पेट्रोलच्या एका ग्रॅमला हवा लागते 14.7 ग्रॅम. म्हणजे इंजिनाला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त भूक हवेची आहे, आणि ती भूक लिटरवर भागत नाही, वजनावर भागते. तापलेली हवा फुगते, विरळ होते. घागर तेवढीच, आतला माल कमी.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर आहे. त्यामुळे मुंबईच्या मानाने इथल्या हवेचा दाब साडेसहा टक्क्यांच्या आसपास आधीच कमी. त्यात मे महिना. बाहेर 42 अंश, गाडी क्रांती चौकात सिग्नलला उभी, रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे फेकतोय. अशा वेळी बोनेटखालची हवा सहज 70 अंशांपर्यंत जाते. 42 अंशांच्या हवेऐवजी 70 अंशांची हवा आत गेली, तर त्याच घागरीत 8 टक्के माल कमी भरतो. शिवाय गरम हवेने पेट्रोल इंजिनात नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, होऊ लागतं. ते टाळायला इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद आणखी घटते.

उघडा शंकू बोनेटखाली बसवला तर तो नेमकी हीच हवा पितो. कंपनीच्या काळ्या पेटीचं नाकाडं मात्र बहुतेक गाड्यांत पुढे, ग्रिलजवळ किंवा हेडलाइटच्या मागे काढलेलं असतं आणि बाहेरची हवा घेतं. म्हणजे कंपनीने दिलेली व्यवस्था बऱ्याचदा मुळातच थंड हवेची असते. हजारो रुपये खर्चून आपण थंड हवा काढतो आणि गरम बसवतो.

शहरातली जुनी पाणचक्की पाहिलेल्या माणसाला हे चटकन पटेल. तिथलं पाणी जवळच्या कुठल्या डबक्यातून उचललेलं नाही. लांबच्या डोंगरातला झरा शोधून तिथून मातीच्या नळांनी ते शहरात आणलं. नळ किती देखणा, हा प्रश्न नंतरचा. त्याचं तोंड कुठे ठेवायचं, हा पहिला.

मग लोकांना पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? आवाजामुळे. कंपनीची पेटी हवेचा घोंगाव दाबण्यासाठीही बनवलेली असते. ती काढली की इंजिन मोकळ्याने घुमतं, टर्बो गाडीत पाय सोडताच फुस्स आवाज येतो. कानाला गाडी वेगवान वाटते. तो आनंद खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याला ताकद म्हणू नये.

ताकद तपासायची सोय आता स्वस्त झाली आहे. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला छोटा स्कॅनर लावला की इनटेक हवेचं तापमान मोबाइलवर दिसतं. बाहेर किती, आत किती, एवढं बघायचं. सिग्नलला फरक वाढतो, गाडी पळू लागली की कमी होतो. चालत्या गाडीत कंपनीच्या पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनीच गरम असेल, तर नव्या पाइपने तुम्हाला द्यायला फारसं काही उरलेलंच नाही. समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने वारा आपोआप इंजिनात कोंबला जाईल, अशी एक आवडती कल्पना आहे. गणित करून पाहिलं: त्या वेगाला वाऱ्याचा दाब हवेच्या एकूण दाबाच्या एक टक्काही भरत नाही.

टर्बो गाडीत खरी जागा वेगळी आहे. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. तिला गार करतो इंटरकूलर, आणि पहिल्या ऑक्टेव्हियाच्या 1.8 टर्बोत तो छोटासा, पुढच्या चाकाच्या कमानीत बसवलेला असे. थंड हवेवर खर्च करायचाच, तर आधी त्याच्याकडे बघावं. डिझेल गाडीचं आणखी वेगळं. तिथे हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त असते, त्यामुळे इंधनाचा नकाशा न बदलता नुसत्या इनटेकने हाती काही लागत नाही.

आणि धूळ. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. तेल लावलेल्या सुती कापडाचे, धुऊन पुन्हा वापरायचे फिल्टर अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या के अँड एनने प्रसिद्ध केले, 1969 पासून. हवा मोकळी जावी हा त्यांचा गुण. पण हवा जितकी मोकळी, तितकी बारीक धूळ अडवणं अवघड. या धुळीतले वाळूचे कण सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश पेपरसारखं काम करतात. त्याची झीज पहिल्या महिन्यात दिसत नाही. काही वर्षांनी ऑइल जळू लागतं तेव्हा कळते. फिल्टर धुऊन तेल जास्त लावलं, तर ते उडून पुढच्या मॅफ सेन्सरच्या तारेवर बसतं. हवा मोजणारी ती बारीक तार एकदा माखली की कॉम्प्युटरचा सगळा अंदाज चुकतो आणि गाडी आधीपेक्षा मंद होते.

पावसाळ्यासाठी एकच सूचना. थंड हवेच्या शोधात पाइपचं तोंड बंपरमागे अगदी खाली नेऊ नका. साचलेल्या पाण्यात ते बुडालं की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. कायद्याचंही लक्षात ठेवावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाहून वेगळे बदल मनाने करता येत नाहीत, आणि कलम 182अ खाली एका बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पेटीतला फिल्टर बदलणं ही देखभाल झाली. पेटीच फेकून देणं ही वेगळी गोष्ट.

तरीही करायचं असेल, तर नीट करा. फिल्टरभोवती इंजिनाची उष्णता अडवणारी बंद पेटी हवी, तोंड बाहेरच्या हवेत आणि पाण्यापासून वर हवं, प्रत्येक जोडाला घट्ट क्लॅम्प हवा. बदलाआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला तापमान लिहून ठेवा.

त्याहीआधी एक काम करा. पुढच्या सर्व्हिसला गाडी सोडून घरी येऊ नका, मेस्त्रीजवळ उभे राहा. पेटी उघडायला सांगा, रबरी सील फाटलंय का बघा, नाकाड्यात पानं अडकलीत का बोट घालून बघा, फिल्टर हातात घेऊन उजेडात धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, तर गेलेला पिकअप तिथेच अडकलेला असू शकतो. मॅन्युअलमध्ये हवेचा फिल्टर बदलायची मुदत बहुधा दोन प्रकारे दिलेली असते: साध्या वापरासाठी एक आणि धुळीच्या भागासाठी दुसरी, कमी किलोमीटरची. आपला जिल्हा दुसऱ्या रकान्यात येतो.