परस्परांचे मार्गदर्शक

नोकरीधंद्यात पाचसहा वर्षे काढली, की मनुष्याला एका निराळ्याच अडचणीची जाणीव होऊ लागते. चुकले तर कान धरणारे गुरुजन मागे राहिलेले असतात. वरिष्ठांजवळ मन मोकळे करावे, तर ते आपली उणीव मनात धरून ठेवतील ही भीती. घरी सांगावे, तर उगाच काळजी लागेल हा संकोच. मोबदला घेऊन सल्ला देणारे व्यावसायिक आहेत. परंतु त्यांचे शुल्क बेताच्या मिळकतीच्या माणसाला पेलत नाही. मग आपल्या प्रगतीचा विचार करावयाचा तो कोणाच्या सोबतीने?

या प्रश्नाचे एक स्वस्त उत्तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडते. १७२७ साली बेंजामिन फ्रँकलिन या एकवीस वर्षांच्या मुद्रकाने ओळखीच्या मंडळींना जमवून 'जंटो' नावाचे मंडळ स्थापन केले. त्यात कोणी काचकाम करणारा, कोणी जोडे शिवण्याचे काम शिकलेला, कोणी सुतार, तर कोणी कारकून. दर शुक्रवारी सायंकाळी ते जमत. बैठकीसाठी चोवीस प्रश्न आधीच ठरलेले असत. नुकतेच काय वाचले, गावात कोणाचा धंदा का बुडाला, कोणाची भरभराट कशामुळे झाली, कोणा होतकरू तरुणाला हात देता येईल काय, आणि या घडीला मंडळाने तुम्हांला कोणते साहाय्य करावे, असे त्यांचे स्वरूप होते. हट्टाने आपलेच म्हणणे रेटणाऱ्यास अथवा दुसऱ्यास तोंडावर खोडून काढणाऱ्यास किरकोळ दंड होई.

मंडळ बारा जणांहून मोठे करावयाचे नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. मागणी वाढली तेव्हा प्रत्येक सभासदाने स्वतंत्र नवे मंडळ काढावे असे ठरले. जंटो सुमारे चाळीस वर्षे चालले, आणि १७३१ साली वर्गणीवर उभे राहिलेले फिलाडेल्फियाचे ग्रंथालय या मित्रांच्याच पुढाकारातून निघाले.

आपल्याकडेही ही वृत्ती परकी नाही. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी निबंध वाचून चर्चा करण्यासाठी सभा स्थापन केली, आणि लगेच १८४९ मध्ये याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढून तेथे विनावेतन शिकविण्यास आरंभ केला. आपण मिळून शिकलो, तर दुसऱ्याला शिकविण्याचे बळही येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता असे मंडळ आज आपल्या गावी कसे काढावे? सभासद पाच ते आठ असावेत. व्यवसाय निरनिराळे असल्यास उत्तम. मात्र एकाच कचेरीतील साहेब आणि त्याच्या हाताखालचा मनुष्य एका मंडळात नसावेत. पंधरा दिवसांनी ठरल्या वारी, ठरल्या वेळी दीड तास जमावे. जागा वाचनालयाची, शाळेची किंवा कोणाच्या ओसरीची चालेल. चहाचा खर्च आळीपाळीने करावा. भिशी चालविणाऱ्यांना ही शिस्त नव्याने शिकवावी लागत नाही.

प्रत्येक बैठकीत दोघांनी आपापली अडचण मांडावी. इतरांनी प्रथम केवळ प्रश्न विचारावेत: तुम्ही आजवर काय करून पाहिले? कोठे अडले? तुम्हांला नेमके काय हवे आहे? येथेच बहुतेक मंडळे फसतात. कारण सल्ला देण्याची आपल्याला फार हौस. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी शिक्षकांच्या परस्पर-मार्गदर्शनाचा पाठपुरावा केला. शिक्षक एकमेकांच्या अध्यापनावर अभिप्राय देऊ लागले, की नकळत परीक्षक बनतात, आणि सहकार्य उणावते, असे त्यांना आढळले. १९९६ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी तोंडी अभिप्राय गाळण्याची शिफारस केली. यातून आपण एवढे घ्यावे, की सल्ला मागितल्यावाचून देऊ नये.

शेवटी अडचण मांडणाऱ्याने स्वतः एक लहानसे काम ठरवावे आणि ते वहीत लिहावे. 'इंग्रजी सुधारीन' हा संकल्प झाला. 'येत्या पंधरवड्यात कचेरीची चार पत्रे स्वतः लिहीन' हे काम झाले. पुढील बैठकीचा आरंभ त्या वहीपासून करावा. काम झाले नसेल तर दोष न देता कारण शोधावे.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. बैठकीतील गोष्ट बाहेर जाता कामा नये. एकदा विश्वास उडाला की मंडळ नावापुरते उरते. आणि आजार, तीव्र मानसिक क्लेश अथवा कोर्टकज्जा असेल, तर त्या मित्राला तज्ज्ञाकडे धाडावे, प्रसंगी स्वतः सोबत जावे. मंडळ हे वैद्याचे किंवा वकिलाचे स्थान घेऊ शकत नाही.

आरंभी सहा बैठकांचीच मुदत ठेवावी. त्यानंतर सर्वांनी वही उघडून पाहावी आणि पुढे चालवावयाचे की नाही ते ठरवावे. वहीतील चार कामे जरी खरोखर पार पडली असतील, तरी एका वहीच्या आणि थोड्या चहाच्या खर्चात तो लाभ मुळीच महाग नाही.