इंग्रजी वाक्यातील ‘त्यांपैकी’ : विद्यार्थ्यांसाठी थोडे मार्गदर्शन



इंग्रजीचा पेपर म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यये यांच्या पाठांतरात आपण रात्री घालवतो. मात्र एक लहानसा वाक्यप्रकार वर्गात दोन ओळींत उरकला जातो आणि पुढे अर्ज, जाहिरात, नियमावली, नियुक्तीपत्र वाचताना तोच पावलोपावली आडवा येतो. ‘टू ऑफ हूम’, ‘मोस्ट ऑफ व्हिच’, ‘नन ऑफ हूम’ अशी त्याची रूपे. संख्या किंवा प्रमाण दाखवणारा शब्द, त्यापुढे ‘ऑफ’ आणि त्यापुढे संबंधी सर्वनाम, एवढीच त्याची बांधणी. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचीच ओळख करून देणार आहोत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. विद्यार्थ्यांनी ती आपल्या वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घ्यावीत. तेवढाच स्पेलिंगचाही सराव होईल.

हा प्रकार महत्त्वाचा का, ते आधी पाहू. समजा, शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात असे वाक्य आहे : ‘अटॅच टू सर्टिफिकेट्स, बोथ ऑफ व्हिच मस्ट बी अटेस्टेड.’ म्हणजे दोन दाखले जोडा आणि ते दोन्ही साक्षांकित हवेत. एकच साक्षांकित करून पाठवला तर अर्ज अपुरा ठरेल. याउलट ‘ईदर ऑफ व्हिच इज सफिशियंट’ असे असेल, तर दोहोंपैकी कोणताही एक पुरे. ‘नीदर ऑफ व्हिच विल बी रिटर्न्ड’ असेल, तर दोहोंपैकी एकही परत मिळणार नाही. अशा वेळी मूळ कागद पाठवण्यापूर्वी दहादा विचार करावा. बोथ, ईदर, नीदर हे तीन छोटे शब्द. पण त्यांवर वर्षाची शिष्यवृत्ती अवलंबून राहू शकते.

आता मूळ रचना पाहू. मराठीत आपण म्हणतो, ‘मला तीन भाऊ आहेत. त्यांपैकी दोघे शिक्षक आहेत.’ इंग्रजीतही अशी दोन वाक्ये चालतात : ‘आय हॅव थ्री ब्रदर्स. टू ऑफ देम आर टीचर्स.’ परंतु पूर्णविराम काढून तेथे स्वल्पविराम घातला की ‘देम’चे ‘हूम’ करावे लागते : ‘आय हॅव थ्री ब्रदर्स, टू ऑफ हूम आर टीचर्स.’ आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक नेमकी येथे होते. मराठीत ‘ज्यांपैकी’ हा शब्द असला तरी बोलण्यात आपण ‘त्यांपैकी’च वापरतो. म्हणून इंग्रजीत स्वल्पविरामापुढे ‘टू ऑफ देम’ लिहिले जाते. इंग्रजीत दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडणे अशुद्ध मानतात. तेव्हा तीन मार्ग लक्षात ठेवा : पूर्णविराम द्या, मध्ये ‘ॲण्ड’ घाला, किंवा ‘देम’ऐवजी ‘हूम’ अथवा ‘व्हिच’ लिहा.

माणसांसाठी ‘हूम’ आणि वस्तूंसाठी ‘व्हिच’. बोलण्यात इंग्रज माणूसही कित्येकदा ‘हूम’च्या जागी ‘हू’ म्हणतो. पण ‘ऑफ’च्या लगेच पुढे ‘हूम’च यावे. तेथे ‘दॅट’ तर कधीच चालत नाही. मालकी दाखवायची असेल तर ‘हूज’ : ‘अ सोसायटी, मेनी ऑफ हूज मेंबर्स वर्क इन द रेल्वेज’, म्हणजे जिचे पुष्कळ सभासद रेल्वेत काम करतात अशी संस्था. योग्य सर्वनामामुळे संदर्भही स्पष्ट होतो. ‘वुई बॉट बुक्स फॉर फिफ्टी स्टुडंट्स, सम ऑफ व्हिच वेअर ओल्ड’ या वाक्यात जुनी होती ती पुस्तके. ‘व्हिच’च्या जागी ‘हूम’ आले असते, तर काही विद्यार्थी वयस्क होते असा अर्थ झाला असता!

यानंतर क्रियापदाचा प्रश्न. ‘वन’, ‘ईच’, ‘ईदर’, ‘नीदर’ यांच्यापुढे क्रियापद एकवचनी ठेवावे. ‘बोथ’, ‘मेनी’, ‘सेव्हरल’, ‘फ्यू’ यांच्यापुढे ते अनेकवचनी येते. ‘सम’, ‘मोस्ट’, ‘ऑल’, ‘हाफ’ हे शब्द मात्र मागच्या नामाकडे पाहून चालतात. तांदळाबद्दल बोलताना ‘मोस्ट ऑफ व्हिच वॉज वेट’, कारण तांदूळ इंग्रजीत मोजत नाहीत, मापतात. पुस्तकांबद्दल बोलताना ‘मोस्ट ऑफ व्हिच वेअर वेट’. याच कारणाने तांदूळ, पाणी, पैसा यांना ‘मच ऑफ व्हिच’ आणि पुस्तके, घरे, गावे यांना ‘मेनी ऑफ व्हिच’ म्हणावे.

अर्थाच्या दृष्टीने तीन ठिकाणी विशेष सावध राहावे.

पहिले, ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. ‘ट्वेंटी गर्ल्स अप्लाइड, अ फ्यू ऑफ हूम वेअर सिलेक्टेड’ म्हणजे काही मुली निवडल्या गेल्या, सूर समाधानाचा. त्यातला ‘अ’ गाळला की अर्थ होतो, जवळजवळ कोणीच निवडले गेले नाही, सूर तक्रारीचा. संस्थेचा अहवाल लिहिताना हा एका अक्षराचा फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा.

दुसरे, ‘ऑल’ आणि नकार. ‘ऑल ऑफ हूम डिड नॉट पास’ हे वाक्य दुतोंडी आहे. एकही पास झाला नाही, की सगळेच्या सगळे पास झाले नाहीत? आपल्या मराठीतील ‘सगळे आले नाहीत’ या वाक्याची गतही तीच. पहिला अर्थ हवा असल्यास ‘नन ऑफ हूम पास्ड’ लिहावे आणि दुसरा हवा असल्यास ‘नॉट ऑल ऑफ हूम पास्ड’.

तिसरे, स्वल्पविराम. ‘शी हॅज टू सन्स हू आर इन सर्व्हिस’ यात बाईंना नोकरी करणारे दोन मुलगे आहेत एवढेच कळते. नोकरी नसलेला तिसराही असू शकतो. ‘शी हॅज टू सन्स, बोथ ऑफ हूम आर इन सर्व्हिस’ असे लिहिले की मुलगे दोनच आणि दोघेही नोकरीत. प्रतिज्ञापत्रात किंवा कुटुंबाच्या माहितीत असा फरक पडला तर घरातील माणसांची संख्याच बदलते.

सरकारी अहवालांत व वृत्तपत्रांत हीच रचना उलटूनही येते : ‘फॉर्टी कँडिडेट्स, ऑफ हूम फिफ्टीन आर विमेन.’ अर्थ तोच, चाळीस उमेदवार, त्यांपैकी पंधरा महिला.

सामान्यज्ञान आणि इंग्रजी यांचा एकत्र सराव करता येतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाल्यावर ही संख्या ३६ झाली. तेव्हा लिहा : ‘महाराष्ट्र हॅज थर्टी-सिक्स डिस्ट्रिक्ट्स, टेन ऑफ व्हिच वेअर फॉर्म्ड आफ्टर नाइन्टीन सिक्स्टी.’ संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. १९५० साली संविधान अमलात आले तेव्हा १४ होत्या. हे वाक्य विद्यार्थ्यांनी स्वतः करावे. ‘फोर्टीन ऑफ व्हिच’ असे लिहिले तर बरोबर, ‘फोर्टीन ऑफ देम’ लिहिले तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

वाचताना लांबलचक वाक्य समोर आले तर घाबरू नये. ‘ऑफ हूम’ किंवा ‘ऑफ व्हिच’ दिसताच पेन्सिलीने त्याआधीच्या स्वल्पविरामावर उभी रेघ मारावी. वाक्य तेथे तोडावे आणि पुढील भाग ‘त्यांपैकी’ किंवा ‘त्यातील’ असे म्हणून वाचावा. मग स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत : कोणापैकी? आणि किती? दोन्हींची उत्तरे मिळाली की वाक्य आपले झाले.

सभासद बंधू-भगिनींना आमची एक विनंती आहे. घरी इंग्रजी परिपत्रक किंवा नोटीस आली तर ती कोणा तिऱ्हाइताकडून समजून घेण्याआधी आपल्या शिकत्या मुला-मुलीसमोर ठेवा. ‘यात किती कागद मागितले आहेत, सगळे की त्यांपैकी काही?’ असे विचारा. मुलांचा अभ्यास होईल आणि आपलाही कागद दुसऱ्याच्या भरवशावर राहणार नाही. विद्यार्थ्यांनी रोज अशी पाच वाक्ये केली तर महिन्याभरात ही रचना हातची होईल. एका जरी विद्यार्थ्याचा अर्ज ‘बोथ’ आणि ‘ईदर’च्या घोटाळ्यातून वाचला, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.